ब्रेंडनचे राखणदार

ब्रेंडनची आणि माझी ओळख भांडणाने झाली आणि शेवटही जवळजवळ भांडणानेच झाला. मधली दोन-अडीच वर्षं तो आमच्या डोक्यावर राहत होता. बहरैनच्या नईम मोहल्ल्यातल्या त्या जुन्या घरात दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर तो आणि त्याच्यावर गच्ची. आमचे हे ज्या बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते, तिथेच तो आयर्लंडहून सर्व्हेअर म्हणून आला होता. तेव्हा असेल तेवीस-चोवीस वर्षांचा. आज असता तर नातवंडं खेळवत असता. ‘असता’ म्हटलं यातच सगळं आलं. मी काही गोष्ट राखून ठेवून सांगणारी बाई नाही. शेवट वाईट आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी मला बोल लावायला नको.

ते सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मार्च महिना असेल, बहरैनचं ऊन नुकतं कामाला लागलं होतं. मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालून खाली आले आणि कणीक मळायला बसले, तर वरून थड्, थड् असा आवाज येऊ लागला. आधी वाटलं, घरमालकाने टाकीचं काम काढलं असेल. मग अख्खं जुनं घर हादरून आमच्या छताचा गिलावा परातीत पडला. तशीच पिठाच्या हातांनी वर गेले. पाहते तो, उन्हात शिजलेल्या कोळंबीसारखा लाल झालेला एक उंच पोरगा हातात लांब दांडकं घेऊन टाकीच्या भिंतीवर चेंडू मारतोय. चेंडू परत आला की डाव्या हाताने अलगद झेलतोय आणि पुन्हा मारतोय. मला बघून त्याचा हात चुकला आणि चेंडू थेट पापड्यांत.

मला राग इंग्रजीत येत नाही. मी त्याला मराठीत धुऊन काढला. तो मान जरा वाकडी करून शांतपणे ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने मोडलेली एक ओलसर पापडी उचलली, तोंडात टाकली आणि ‘व्हेरी गुड’ म्हणाला. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला आला आणि मग येतच राहिला.

तो इंग्रजीत बोलायचा, माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तरी त्याचं बोलणं मला आठवतं ते मराठीतच. घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून तो म्हणायचा, “या घरातल्या सगळ्यांना देव सुखी ठेवो.” ही त्यांच्या गावची रीत. एकदा त्या वेळी दाऊदभाई आमच्याकडे बसले होते. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, ब्रेंडनच्या टोळीचे मुकादम. सर्व्हेअर दुर्बिणीतून बघतो तेव्हा समोर पट्टी धरून माणूस उभा राहावा लागतो. ते काम त्यांच्या टोळीचं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. कंपनीचा वाकडा खिळासुद्धा त्यांनी कधी खिशात घातला नाही. ते मला म्हणाले, “भाबी, घरात येताना देवाचा नाव घेनारा गोरा मी आज पयल्यांदा बघितला.” त्या दिवसापासून ब्रेंडन त्यांचा झाला.

त्याच्या सवयी किती सांगू? चहा स्टीलच्या पेल्यातच हवा. जिना चढताना शीळ घालायची. दांडकं कधी जमिनीवर ठेवायचं नाही, कोपऱ्यात उभं करायचं, आणि चुकून कुणी त्याला ओलांडलं तर त्याचा चेहरा उतरायचा. केसांना न्हाव्याचा हात लागू द्यायचा नाही. आरशासमोर उभा राहून स्वतःच कापायचा, वेडेवाकडे, आणि पाणी लावून सगळे डाव्या अंगाला चापून बसवायचा. एकदा मी त्याच्या डोक्यावरचं कोळिष्टक काढायला सहज हात पुढे केला, तर तो झटकन मागे सरला. तेवढ्यात केस बाजूला झाले आणि कानाच्या वर, बोटभर लांब, आत दबलेली एक खूण मला दिसली. तिथे हाड होतं की नव्हतं देव जाणे. त्याने केस पुन्हा बसवले आणि पापड्यांचं विचारलं. मीही पापड्यांचंच बोलले.

त्या खुणेची कथा त्याने पुढे आपणहून सांगितली. त्यांच्याकडे हर्लिंग नावाचा खेळ आहे. आपला विटीदांडू आणि हॉकी यांचा थोरला आणि तापट भाऊच म्हणा. हातात रुंद टोकाची काठी, चामड्याचा कडक चेंडू, आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा बाप्ये. चेंडू दोन खांबांमधल्या आडव्या दांडीखालून गेला तर गोल, वरून गेला तर एक गुण. काठ्या डोक्यांच्या उंचीवरून फिरत असतात आणि डोक्यावर काही घालणं म्हणजे कमीपणा. ब्रेंडनला चालायला आलं तेव्हाच त्याच्या बापाने त्याला काठी कापून लहान करून दिली होती. पाद्र्यांच्या शाळेत तो शाळेच्या संघात, सतराव्या-अठराव्या वर्षी जिल्ह्याच्या पोरांच्या संघात, आणि विशीत थेट जिल्ह्याच्या मोठ्या संघात. त्यांच्याकडे म्हणे जिल्ह्याचा रंग अंगावर चढला की माणूस गावाचा होतो, बापाचा उरत नाही.

“पैसे किती देतात?” दाऊदभाईंनी विचारलं.

“काहीच नाही,” ब्रेंडन म्हणाला. “सगळे सकाळी आपापल्या कामाला जातात. गाई पिळतात, ट्रक चालवतात. संध्याकाळी खेळतात.”

दाऊदभाई चाट पडले. मग डोकं फुटेस्तोवर खेळायचं कशाला? तेव्हा गोपाळ मध्ये बोलला. गोपाळ सुतार संगमेश्वरकडचा, कंपनीत फळ्या ठोकायच्या कामावर. दोन पोरांचा बाप. तो म्हणाला, “भाय, शिमग्यात पालखी नाचवायला आमी काय पैसं घेतो व्हय? खांदं सोलपटतात, तरी पयला खांदा आपलाच व्हावा म्हनून मारामाऱ्या करतो.” मी हे ब्रेंडनला मोडक्या इंग्रजीत समजावलं. त्याने उठून गोपाळच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या हातातली बशीच पडली.

आणि मग तो म्हणाला, “माझा सगळ्यात मोठा दिवस मी पाहिलेलाच नाही.”

मोठ्या संघातल्या त्याच्या पहिल्या उन्हाळ्यात, एका सामन्यात, त्याच्या डोक्यात काठी बसली. बाजूला नेऊन पट्टी बांधली आणि तो परत मैदानात उतरला. शेवटच्या मिनिटाला तिघांना चुकवून त्याने गोल मारला आणि जिल्हा जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावरून गावात नेलं. यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं. “तो गोल मला वडिलांनी सांगितला,” तो म्हणाला, “भावाने सांगितला, पोस्टमनने सांगितला. प्रत्येक जण जरा वेगळा सांगतो. मी मात्र तिथे नव्हतो.” हे तो हसत हसत सांगत होता. गोपाळही हसला. मी मात्र उठून उगाचच गॅस बंद आहे की नाही ते बघून आले.

त्यानंतर सरावात तो दोनदा नुसता उभ्या उभ्या कोसळला. तिथल्या डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. संघ निवडणाऱ्या लोकांनी मात्र दार जरासं उघडं ठेवलं: दोन वर्षं बाहेर जा, उन्हातान्हात काम कर, आणि या काळात काही झालं नाही असा डॉक्टरांचा दाखला घेऊन ये, मग बघू. म्हणून तो बहरैनला आला होता. आमच्या गावचे लोक घर बांधायला, बहिणीचं लग्न करायला इथे येतात. हा मात्र पुन्हा मैदानात उतरण्याचा दाखला मिळवायला आला होता.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. त्या दिवशी तो सनदला जायचा, कंपनीच्या कॅम्पावर. कॅम्पामागे खारवट मोकळी जमीन होती. गोपाळने त्याचं दांडकं हातात घेऊन नीट पाहिलं होतं आणि त्याला ते लगेच उमगलं. आपल्याकडे नांगराला जसं जन्मजात बाकाचं लाकूड शोधतात तसंच हे, झाडाच्या बुंध्याशी मूळ जिथे वळतं तिथलं. तसलं झाड बहरैनमध्ये कुठून यायचं? मग गोपाळने शटरिंगच्या फळ्यांतून काठ्या कापल्या. दर शुक्रवारी चार मोडायच्या आणि तो नव्या कापायचा. चाळिशीतले बाप्ये लुंग्या खोचून त्या चेंडूमागे धावायचे. आम्ही बायका कधीमधी डबे घेऊन जायचो. ब्रेंडन धावता धावता काठीच्या टोकावर चेंडू तोलायचा. कुणालाही न धडकता माणसांमधून पार व्हायचा. भाकरी करणाऱ्या बाईचा हात कसा न बघता चालतो, तसं त्याचं अंग चालायचं. तेवढ्यापुरती माझीसुद्धा काळजी मिटायची.

एकदा गोपाळने साइटवरचं पिवळं हेल्मेट आणून त्याच्या डोक्यावर ठेवलं. ब्रेंडनने ते काढून गोपाळच्याच डोक्यावर चढवलं. “हे घालून खेळलो तर वडील घरात घेणार नाहीत.” सगळे हसले. मी म्हटलं, बाप घरात घेणार नाही, आणि आई रे? माझं मराठी त्याला कळलं नाही. कळलं असतं तरी काय फरक पडला असता म्हणा.

त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते सुरू झालं. निदान मला दिसायला तेव्हा लागलं.

चहा पिता पिता तो विचारायचा, “मिसेस साळवी, काही जळतंय का?” मी उठून शेगडी बघायची. काहीच नसायचं. पहिल्यांदा मला वाटलं, अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याकडून वारा आला असेल. पण खिडक्या बंद असायच्या. मग माझ्या लक्षात आलं की, जळण्याचं विचारलं की थोड्याच वेळात तो बोलता बोलता थांबतो. वाक्य अर्धं राहतं. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. उजवा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतो, करत राहतो. मग एकदम पापण्या हलतात, तो दमल्यासारखा हसतो आणि भलतंच बोलायला लागतो. एकदा या अवस्थेत त्याच्या हातातला पेला कलंडला, गरम चहा मांडीवर सांडला, आणि त्याला पत्ताच नाही. मीच फडकं घेऊन धावले. पुन्हा भानावर आल्यावर त्याने ओली पँट बघितली आणि मान खाली घातली.

“ब्रेंडन, हे कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?” तो म्हणाला. पण डोळ्यांनी विनवत होता.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, उन्हाने होत असेल. आमच्या ह्यांच्याकडे सगळ्याला ऊनच कारण. जानेवारीतसुद्धा.

त्यानंतर एका शुक्रवारी गोपाळ माझ्या स्वयंपाकघरात फळी ठोकायला आला होता. खिळे तोंडात धरून बोलण्याची त्याला सवय. बोलता बोलता म्हणाला, “परवा सायब गेलाच व्हता वयनी, दाऊदभायनं मागनं पट्ट्याला धरला म्हनून.” आणि जीभ चावली. मी हातातली कढई खाली ठेवली आणि सगळं काढून घेतलं. अस्करकडे एका मोठ्या इमारतीच्या पायाचं काम चाललं होतं. दोन मजले मावतील एवढा खोल खड्डा, तळाशी लोखंडी सळया वर तोंड करून उभ्या. ब्रेंडन काठावर दुर्बीण लावत होता आणि तसाच, उघड्या डोळ्यांनी, खड्ड्याच्या दिशेने चालायला लागला. दाऊदभाईंनी झेप घेऊन पट्टा पकडला. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. साइटवर तो कितीतरी वेळा असा व्हायचा. आकडे चुकवायचा, दाऊदभाई पुन्हा वाचून दुरुस्त करून घ्यायचे.

“आणि तुम्ही कुणाला सांगत नाही?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, वयनी,” गोपाळ म्हणाला. “आमी सांभाळतो त्याला.”

“अरे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

तो पुन्हा ठोकायला लागला. फळी मात्र त्याने तिरकी ठोकली, गोपाळच्या हातून कधी न होणारी गोष्ट.

त्यानंतरच्या रविवारी आयर्लंडहून तार आली की जिल्ह्याचे लोक बघायला तयार आहेत, उन्हाळ्याआधी ये, दाखला घेऊन ये. ब्रेंडन जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरत आला आणि त्याने मला उचलून गोल फिरवलं. सोवळ्यातली बाई असते तर त्याचं काही खरं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही, आणि एवढी भीतीही मला दुसऱ्या कुणाच्या आनंदाची कधी वाटली नाही.

मी यांना म्हटलं, “दाखला देणारे डॉक्टर आपल्याच कंपनीचे. तुम्ही जाऊन सांगता की मी जाऊ?”

“त्याचं दोन वर्षांचं स्वप्न आहे गं.”

“आणि आयुष्य? ते किती वर्षांचं असावं असं तुमचं म्हणणं आहे?”

हे गेले. कंपनीचे डॉक्टर केरळचे होते, सरळ माणूस. त्यांनी ब्रेंडनला तपासलं. नाडी, डोळे, गुडघे सगळं उत्तम. एवढा धडधाकट माणूस कंपनीत दुसरा नसेल. डोक्याच्या आतलं बघायचं यंत्र काही त्यांच्याकडे नव्हतं. असला फेफऱ्याचा आजार, ते म्हणाले, झटका येताना पाहणाऱ्याच्या तोंडूनच कळतो. म्हणून त्यांनी साइटवरच्या माणसांना बोलावलं. गोपाळने देवाची शपथ घेतली, कधी काही पाहिलं नाही. मग दाऊदभाई पुढे झाले. ज्या माणसाने खिळ्यापुरतं खोटं कधी केलं नाही, त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, “अल्ला गवाह हाय डॉक्टरसाब, साहबला साधी चक्करसुद्धा आलेली नाय.”

डॉक्टरांनी यांना विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलंय?” यांनी पाहिलेलं नव्हतं. हे खोटं बोलू शकत नाहीत, त्या दिवशी मला त्यांच्या त्या गुणाचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः टॅक्सी करून गेले. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, जळण्याचा वास, बटण, चहा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, त्याच्याबरोबर रोज उन्हात उभे राहणारे लोक शपथेवर नाही म्हणतात. तुम्ही सांगता की तो चहा पिताना गप्प होतो. लोक चहा पिताना गप्प होतात.” दाखल्यावर सही झाली.

मी दाऊदभाईंना घरी बोलावून घेतलं. आले, बसले, पाण्याला हात लावला नाही.

“खोटी शपथ घेतलीत तुम्ही. अल्लाची.”

“घेतली,” ते म्हणाले. “त्याचा हिशेब मी वर देईन. तुमी फकीरचा नाव ऐकलाय, भाबी?”

मी ऐकलं नव्हतं. फकीर म्हणून त्यांच्या गावचा एक माणूस होता, कॅम्पात त्यांच्याच खोलीत. मेडिकलला त्याच्या छातीच्या फोटोत डाग दिसला. खलास! व्हिसा रद्द, पुढच्या विमानात बसवून दिला. गावात घर अर्धं बांधलेलं. त्या अर्ध्या भिंतींच्या आत तो बसून राहिला. लोकांना तोंड दाखवेना. वर्षाच्या आत गेला. “छातीनं नाय गेला, भाबी. शरमेनं गेला. तवापासून कॅम्पात कोनचा पन दुखना भायेर जात नाय. गोपाळचा मणका, सलीमची साखर, सगला आमी झाकतो. मानूस आजारी पडला तर आमी त्याचा काम वाटून घेतो. पन घरी जाऊ देत नाय.”

“अहो, तुमच्या फकीरला परत पाठवलं म्हणून तो मेला. ह्याला परत पाठवलं, खेळू दिलं नाही, तर हा जगेल! त्याच्या देशात त्याला काम आहे, दवाखाना आहे, आई आहे. त्याला खरंच आजारी ठरवलं तर त्याचं भलं होईल.”

दाऊदभाई माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी अशक्य बोलतेय, असा चेहरा. आजारी ठरल्याने कुणाचं भलं होतं, हे त्यांनी आखातात आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष तरी काय?

“त्यानं माज्याकडं शब्द मागितला,” शेवटी ते म्हणाले. “हात जोडून मागितला. मी दिला.”

माझा राग कुणावर काढावा हेच मला कळेना. वाईट माणूस कुणीच नव्हतं त्या सगळ्यात. एखादा असता तर बरं झालं असतं.

ब्रेंडन त्यानंतर चहाला आला नाही. शीळ बंद झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी मी जिना झाडत होते, तर तो वरच्या पायरीवर येऊन बसला. बराच वेळ गप्प होता आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते. पण नाही, तो नुसताच गप्प होता.

“तुम्ही केलंत तेच माझ्या आईने केलं असतं,” तो म्हणाला. “म्हणून तर मी तिला काही कळवलेलं नाही.”

“मग नको जाऊस मैदानात.”

“मिसेस साळवी, तो एक गोल सगळ्यांनी पाहिला, मी सोडून. मला एक तरी स्वतः बघायचाय.”

मी झाडू ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्या खुणेच्या बाजूला. या वेळी तो सरकला नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. जुलैत ऑफिसात फोन आला आणि यांनी घरी येऊन बूटही न काढता मला सांगितलं. जिल्ह्याने त्याला राखीव म्हणून घेतलं होतं. दुसऱ्या डावात उतरवलं. तो चांगला खेळला म्हणे. मग चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असताना तो एकटाच उभा होता, तिथेच पडला. त्याला कुणी धक्का दिला नव्हता, कुणाची काठी लागली नव्हती. सगळ्यांचं लक्ष चेंडूकडे होतं, त्यामुळे तो पडलाय हे कळायलाही वेळ गेला. गोल केला होता का, हे मी यांना विचारलं. यांनी फोनवर ते विचारलंच नव्हतं.

दाऊदभाई संध्याकाळी आले. घरात आले नाहीत, जिन्यात उभे राहिले. दाढी भिजली होती. मी ‘आत या’ म्हटलं तर मान हलवली. त्यांनी एवढंच विचारलं, “भाबी, इतका मोठा मैदान... त्याच्या आजूबाजूला कोन नव्हता?”

त्या प्रश्नाने माझा उरलासुरला रागही गेला. कारण मुहरकच्या विमानतळावर, तो जायला निघाला त्या दिवशी, मी सगळं पाहिलं होतं.

आम्ही पोचवायला गेलो होतो. दाऊदभाई, गोपाळ, टोळीतला सलीम, आम्ही दोघं. ब्रेंडनने नवा शर्ट घातला होता, केस पाण्याने बसवले होते, दांडकं कापडात गुंडाळून हातात धरलं होतं. सगळे फोटो काढण्याच्या गडबडीत. तो गोपाळला सांगत होता की पुढच्या वर्षी खरं लाकूड पाठवीन, आणि मध्येच थांबला. बोटं बटणाशी गेली. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्या तिघांनी त्याला वेढलं होतं. कुणी कुणाला खूण केली नाही. तिघंही त्याच्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तोंडं बाहेरच्या बाजूला. गोपाळ मोठमोठ्याने हसायला लागला, जणू कुणी मोठा विनोद केलाय. सलीमने विडी काढून काडी शोधायला सुरुवात केली. दाऊदभाई आकाशाकडे बघत विमानाविषयी बोलायला लागले. साइटवर ते त्याला कसं सांभाळत, ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचे हात मागे होते आणि मागच्या मागे त्यांनी त्याला दंडाला, पट्ट्याला घट्ट धरलेलं होतं.

दाराकडच्या बाजूला मात्र एक फट राहिली होती. दारातला पोलीस आमच्याकडे वळून बघू लागला. मी त्या पोलिसाकडे एक पाऊल टाकलं असेल. तेवढ्यात आमचे हे, स्वतः डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलेले हे, गुपचूप पुढे झाले आणि त्या फटीत जाऊन उभे राहिले.

मला ब्रेंडन दिसेनासा झाला. थोड्या वेळाने माणसं सैल झाली आणि तो मधून बाहेर आला, दमल्यासारखा हसत. दांडकं गोपाळने धरून ठेवलं होतं, ते त्याच्या हातात दिलं. त्याने एकेकाला मिठी मारली. मला वाकून नमस्कार केला, आमच्या पद्धतीने, हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे. मग तो दाराशी गेला. पोलिसाने कापडाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? ब्रेंडनने कापड सोडलं, नसलेला चेंडू हवेत उडवला आणि अख्खं अंग वळवून असा सणसणीत फटका मारला की आजूबाजूचे लोक मागे सरले. मग कपाळावर हात धरून तो चेंडू कुठे जातोय ते बघत राहिला. पोलीसही मान वर करून तिकडेच बघायला लागला. मग पोलीस हसला, “यल्ला, यल्ला,” म्हणजे ‘चल, चल’ म्हणाला आणि त्याने ब्रेंडनला आत सोडलं.